तुळई खांबावर बसते, मेखेवर नाही

महिन्यातून एकदा तरी हा फॉरवर्ड येतोच. वाड्यातल्या खांब-तुळईचा फोटो आणि खाली मजकूर : ‘आपल्या पूर्वजांनी एकही खिळा न वापरता वाडे बांधले. खिळा गंजतो, लाकडी मेख गंजत नाही. मेखेच्या ताकदीवर वाडा शेकडो वर्षं उभा राहतो, भूकंपातही हलत नाही. आजच्या सुतारांना हे जमणार नाही.’ शेवटी जोडलेले हात. कुसवाचा सांधा, म्हणजे खांबाचं टोक तुळईच्या भोकात बसवून केलेला जोड, मलाही फार आवडतो, म्हणून तर हे वाचून जास्त चिडचिड होते.

‘एकही खिळा नाही’ हे लिहिणाऱ्याने वाड्यात मान वर करून पाहिलेलं नसावं. खांब-तुळईच्या सांध्यात खिळा नसतो, हे बरोबर. पण तक्तपोशीच्या फळ्या, दाराच्या पट्ट्या, कड्या-कोयंडे? आमचं गावचं घर उतरवलं तेव्हा लोहाराने घडवलेल्या चौकोनी खिळ्यांनी एक घमेलं भरलं होतं. असल्या मजकुराला ‘जपानमधली मंदिरंही बिनखिळ्याची’ असं ठिगळ हमखास जोडलेलं असतं. जपानमधलं होर्युजी मंदिर जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक, आणि त्यातही घडीव खिळे आहेत. तिथल्या दुरुस्तीवर आयुष्य घालवलेले सुतार निशिओका त्सुनेकाझु यांनी पुढे याकुशिजी मंदिराचं काम केलं, तेव्हा त्यासाठी लोहाराकडून मुद्दाम तसेच खिळे घडवून घेतले गेले.

गंजाचं म्हणणं अर्धं खरं. ओकच्या लाकडातल्या टॅनिनने लोखंड खरोखरच खाल्लं जातं. पण आपल्याकडचे चांगले वाडे सागवानी, आणि तेलकट सागात लोखंड बरंच टिकतं. जहाज बांधणाऱ्यांना सागाचं वेड होतं त्याचं हेही एक कारण. 1817 साली मुंबईत सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. शिवाय मेख गंजत नसली तरी कुजते, तिला कीड लागते.

खरी गफलत ‘मेखेच्या ताकदीवर’ या शब्दांत आहे. घर उतरवताना मिस्त्रींनी एका सांध्यातली मेख मागून ठोकून बाहेर काढली. मी दोन पावलं मागे सरकलो. तुळई जागची हलली नाही. मिस्त्री हसले, म्हणाले, “अहो, तुळई खांबावर बसलीय. मेखंवर नाही.”

खांबाच्या माथ्यावर कुसू काढतात, म्हणजे मधला भाग ठेवून चारी बाजू उतरवतात. त्या उतरवलेल्या जागी जो सपाट खांदा तयार होतो, त्यावर तुळई टेकते आणि सगळं ओझं तिथून खाली जातं. कुसू तुळईच्या पोटातल्या भोकात नुसता अडकून राहतो, तुळई आजूबाजूला सरकू देत नाही. म्हणून कसब लागतं ते खांदा तासायला. तो कागदाएवढा जरी तिरका राहिला तरी ओझं एकाच कडेवर येतं.

मग मेख कशाला? ओढून धरायला. जाणकार कारागीर कुसवातलं भोक तुळईतल्या भोकाच्या अगदी समोर पाडत नाही, खांद्याच्या दिशेला दोनेक मिलिमीटर सरकवून पाडतो. निमुळती मेख ठोकली की ती या दोन भोकांमधून किंचित वाकत जाते आणि खांदा तुळईला घट्ट भिडतो. सरस नको, काही नको. मेख मात्र वाळलेल्या लाकडाची आणि लाकडाच्या तंतूंच्या रेषेवर फाडून काढलेली हवी. करवतीने कापलेली असेल तर रेषा तिरकी जाऊन ती ठोकतानाच मोडते. आणि सांधा ओढला जाणार असेल तिथे मेखेवर विसंबता येत नाही : एक तर ती तुटते, नाहीतर कुसवाचं टोक रेषेतून फाटतं.

राहिला भूकंप. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात काही माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांचे लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचे सांगाडे, उभे राहिले, हे खरं आहे. पण भोवतीच्या दगडमातीच्या रुंद भिंती ढासळल्या आणि माणसं त्यांच्याखाली गेली. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधणारे आरपार दगड नव्हते, वर माळवदाच्या मातीचं प्रचंड ओझं होतं. सांधा टिकणं वेगळं आणि घर टिकणं वेगळं.

आणि आजच्या सुतारांना जमत नाही म्हणे. आमच्या त्याच मिस्त्रींनी उतरवलेल्या तुळईचं एक टोक कापून, किंकऱ्याने भोक पाडून मला अख्खा सांधा करून दाखवला. दुपार गेली त्यात. नंतर नव्या घराचं फर्निचरही त्यांनीच केलं : प्लायवूड, फेविकॉल, स्क्रू. आम्हीच तसं सांगितलं होतं.