वहिनीचे सात मोदक

आज चुलतबहिणीचं डोहाळजेवण होतं. ओटी भरायला बायका उभ्या होत्या आणि वहिनी कडेला खुर्चीवर बसली होती, आपली पाळी आली की उठायचं म्हणून. तर नात्यातल्याच एक काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काय गं, अजून कोविडच का? किती वर्षं झाली त्याला!" बायका हसल्या. वहिनीही हसली. तिचं ते हसू बघून माझ्या डोक्यात जी तिडीक गेलीय ती अजून उतरलेली नाही.

शुभकार्य होतं म्हणून तिथे गप्प बसले. इथे बोलते. वहिनीला लाँग कोविड आहे, म्हणजे कोविड बरा झाला तरी मागे रेंगाळणारं दुखणं.

एप्रिल २०२१. तो महिना तुम्हाला कुणाला नव्याने सांगायला नको. वहिनी तेव्हा ३९ची. एचआरसीटी स्कोअर (छातीच्या स्कॅनवरून फुप्फुसं किती बिघडलीत त्याचा आकडा) २५ पैकी १४, नऊ दिवस ऑक्सिजनवर, पालथं झोपून. घरी आली तेव्हा सोसायटीने टाळ्या वाजवल्या. सरकारच्या त्या दिवशीच्या आकड्यात 'बरे होऊन घरी गेलेले' यात तीही असणार. पुढे तिचं काय झालं ते कुठल्याच आकड्यात नाही.

त्या वर्षी गणपती १० सप्टेंबरला होते. आमच्याकडे एकवीस उकडीचे मोदक वहिनीच करायची, माझी आई गेल्यापासून. सातवा मोदक झाला आणि ती हात तसेच पिठाचे ठेवून ओट्याखाली जमिनीवर बसली. उकड गार होत होती, आरती खोळंबली होती, आणि मी, तिची सख्खी नणंद, म्हणाले, "अगं वहिनी, निगेटिव्ह येऊन पाच महिने झाले की!" ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने एवढंच विचारलं, "सारणात वेलची पडलीय का गं? मला कळत नाहीये." बाहेरच्या खोलीत बसून गूळ किती शिजला ते वासावरून सांगणारी बाई ती.

म्हणजे आजच्या त्या काकूंच्या जागी एके काळी मीच होते.

पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने या दुखण्याची व्याख्या केली. लागण झाल्यावर तीन महिन्यांनीही लक्षणं असतात, निदान दोन महिने टिकतात, आणि त्यांना दुसरं कारण सापडत नाही. दम, थकवा, विसरणं, सगळं त्यात आहे. पण आपल्याकडे रिपोर्ट नॉर्मल आला की माणूस नाटकी ठरतो. आणि बाई असेल तर कामचुकार!

हो, काही लोक निमित्त करतात, मान्य. थायरॉइडनेही थकवा येतो, हिमोग्लोबिन कमी असेल तरी येतो. सगळं तपासून झालंय. आणि ते 'लसीमुळे झालं' वाले, तुम्ही तर बोलूच नका. १८ ते ४४ वाल्यांना लस १ मे २०२१ पासून सुरू झाली. वहिनी त्याआधीच नळ्या लावून पडली होती.

तिचा दिवस कसा जातो ते मी सांगते. डोंबिवलीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात एक प्लास्टिकची खुर्ची कायमची ठेवलीय तिच्यासाठी, देव त्यांचं भलं करो. पोळ्या स्टुलावर बसून. दूध तापवताना मोबाईलला गजर, कारण करपल्याचा वास अजून नीट येत नाही. परवा मला म्हणाली, "ते दे गं, ते... पोळी भाजायचं." तवा हा शब्द सापडेना तिला. दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची ही बाई! बंद केल्या. फळ्यावर गणित मांडायचं आणि मध्येच पुढची पायरी सुटायची, मुलं एकमेकांकडे बघायची, ते तिला सहन होईना.

आणि एखाद्या दिवशी बरं वाटतं, तेच वाईट. त्या दिवशी ती कपाट आवरते, भाजी आणते, कार्याला जाते. मग दोन दिवस अंथरुणात. डॉक्टरांनी बजावलंय, दमल्यावर नाही, दमायच्या आधी बसायचं. आज ती खुर्चीवर बसली होती ती त्यासाठी. लोकांना फक्त काठापदराची साडी नेसलेली, गजरा माळलेली वहिनी दिसली.

काकूंवर माझा राग आहेच. पण लिहिता लिहिता सारखे ते सात मोदक डोळ्यांपुढे येतायत. उरलेले चौदा त्या दिवशी मीच केले, कळ्या वेड्यावाकड्या, आणि करताना तोंड फुगवून होते. वहिनीने त्यातलाच एक उचलून खाल्ला आणि छान झालाय म्हणाली. चव येत नव्हती तिला तेव्हा, हे मला पुष्कळ नंतर कळलं. मी अजून तिची माफी मागितलेली नाही.

आत्ता दादाचा फोन आला होता. कार्यावरून आल्यापासून झोपूनच आहे, जेवलीही नाही म्हणाला. उद्या सकाळी डबा घेऊन जातेय मी.