सध्या काय वाचताय?

मुंबईत हा प्रश्न कुठेही गाठतो. लग्नाच्या बुफेच्या रांगेत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, दादरच्या पुलावर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, जिथून पळताही येत नाही. विचारणाऱ्याला तुमच्या उत्तरात काडीचा रस नसतो, त्याला त्याचं सांगायचं असतं. तरीही ‘हल्ली वेळच मिळत नाही हो’ असं म्हणालात की तुम्ही संपलात. हे उत्तर हातात फोन आल्यापासून बाद झालं आहे. रात्री दीड वाजता त्याने तुम्हाला ऑनलाइन पाहिलेलं असतं.

तेव्हा पुढचं पुस्तक आत्ताच निवडून ठेवा. वाचायचं की नाही ते मागाहून बघू, त्याची घाई कोणालाच नाही.

निवडताना आधी जाडी बघावी. शंभर पानांचं पुस्तक घेतलंत तर पंचाईत होते. समोरचा माणूस पुढच्या भेटीपर्यंत ते खरोखर वाचून येतो आणि ‘तो शेवट पटला का तुम्हाला?’ असं भर लिफ्टमध्ये विचारतो. आठशे पानी कादंबरीचा शेवट आजवर कोणी कोणाला विचारलेला नाही. त्यात ती पौराणिक किंवा ऐतिहासिक असेल तर दुधात साखर. नायकाच्या रथाचं चाक रुतणार की वाड्यात कारस्थान होणार, हे तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. मधल्या साडेसातशे पानांत निसर्गवर्णन आणि स्वगतं असतात, हे एकदा कळलं की झालं.

हे जाड पुस्तक गाडीत मात्र नेऊ नका. संध्याकाळी सहानंतरच्या विरार लोकलमध्ये एक हात कडीला आणि दुसरा खिशावर असतो, पान उलटायला तिसरा आणायचा कुठून? गाडीसाठी वेगळं पुस्तक ठेवावं, पातळ, इंग्रजी, यशस्वी माणसं पहाटे किती वाजता उठतात याबद्दलचं. ते चर्चगेटला उघडावं आणि मरीन लाइन्स यायच्या आत डोळे मिटावेत. एक बोट पानांत अडकवायला विसरू नका. नुसता झोपलेला माणूस चौथ्या सीटवरच्यांच्या डोळ्यांत खुपतो. बोट पुस्तकात असेल तर तोच माणूस चिंतन करत असतो.

आता खरी गुरुकिल्ली सांगतो. कोणत्याही थोर पुस्तकाचं नाव निघालं की ‘सध्या पुन्हा वाचतोय’ म्हणावं. या ‘पुन्हा’ला तोड नाही. पहिल्या वाचनाचा पुरावा मागायची सोयच उरत नाही, आणि दुसरं चालू असल्यामुळे मत द्यायचंही बंधन नाही. भालचंद्र नेमाडे यांना 2014 सालचं ज्ञानपीठ जाहीर झालं तेव्हा मुंबई-पुण्यात 1963 साली आलेली ‘कोसला’ पुन्हा वाचणाऱ्यांची संख्या एका संध्याकाळीत भलतीच फुगली. कॉलेजात असताना ती उशाशी घेऊन झोपलेली इतकी माणसं हयात आहेत, हे त्याआधी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. खांडेकर, शिरवाडकर, करंदीकर आणि नेमाडे ही मराठीची चार ज्ञानपीठं तोंडपाठ असू द्या. पाचवं कधी मिळेल सांगता येत नाही, म्हणून चार-पाच ज्येष्ठ लेखकांना ‘पुन्हा’ वाचायला आजच लागा.

वर्षभराचं वेळापत्रकही लागतं. 27 फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. 23 एप्रिल, जागतिक पुस्तक दिन. 15 ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस, 2015 पासून वाचन प्रेरणा दिन. या तीन दिवशी पुस्तकासकट फोटो टाकला की उरलेलं वर्ष मोकळं. शिवाय 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाल्यापासून आपलं काम आणखी हलकं झालंय. घरात जी पुस्तकं न वाचता पडली होती ती सगळी त्या दिवशी आपोआप अभिजात झाली.

फोटोचं म्हणाल तर चहा, गॅलरीतली कुंडी आणि पाऊस ही सामग्री आता जुनी झाली. एशियाटिकच्या पायऱ्या अजून चालतात. 1833 च्या टाउन हॉलच्या त्या पायऱ्यांवर, मागे खांब येतील अशा बेताने, मांडीवर पुस्तक घेऊन बसावं. जपून मात्र बसा. फार वर चढलात तर आत ग्रंथालय आहे. पुस्तकाची खूण दोन तृतीयांशावर दिसली पाहिजे. सुरुवातीला असेल तर नवशिके वाटता, अगदी शेवटाजवळ असेल तर उद्या नवं पुस्तक दाखवावं लागतं. किमतीचं स्टिकर काढून टाका, नाहीतर निम्म्या किमतीच्या प्रदर्शनातलं आहे हे झूम करून बघणारे असतात.

याच कारणासाठी किंडलच्या नादी लागू नये. 2016 च्या अखेरीपासून त्यावर मराठी पुस्तकं रीतसर मिळतात हे खरं, पण त्या करड्या पाटीला मुखपृष्ठ नसतं. तुम्ही वैचारिक ग्रंथ वाचताय की आचरट रहस्यकथा, हे डब्यात कोणालाच कळत नाही. मग वाचून उपयोग काय? ऑडिओबुकांचं तसंच. कानात बोंडं घातलेला माणूस कादंबरी ऐकतोय की लावणी, हे बाहेरून कोण ओळखणार? ऐकलेलं पुस्तक ‘वाचलं’ म्हणून सांगावं का, हा वाद स्टोरीटेल 2017 साली मराठीसकट भारतात आलं तेव्हापासून चालू आहे. माझं मत विचाराल तर बेलाशक सांगावं. आपल्याकडे तर मलपृष्ठावरचा मजकूर वाचलेलंही धरतात.

ग्रंथालयाबद्दल मात्र सावध करतो, कारण तिथे आपल्यासारख्या माणसाची अब्रू जाते. मुंबईला ही खोड फार जुनी आहे. ठाण्यात 1893 साली आणि मुंबईत 1898 साली मराठी ग्रंथसंग्रहालयं निघाली, तेव्हापासून उपनगरा-उपनगरांत, दोन दुकानांच्या मधल्या जिन्याने वर गेलं की वाचनालय लागतं. संध्याकाळी पाच-साडेपाचला जा. निवृत्त मंडळी कापडी पिशवीतून पुस्तकं काढून टेबलावर ठेवत असतात. आतल्या पानाला डकवलेल्या चिठ्ठीवर जांभळ्या शिक्क्यांच्या तारखा एकाखाली एक उतरत गेलेल्या असतात, आणि बरोब्बर त्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर गर्दी असते ज्याचं नाव आपण कधी ऐकलेलं नसतं. आपलं ते आठशे पानी, पुरस्कारप्राप्त पुस्तक कपाटात ताठ उभं. त्याच्या चिठ्ठीवर शिक्के दोन, आणि त्या दोहोंमधल्या काळात तीन सरकारं बदललेली.

तिथे एखाद्या काकू हमखास तुमच्या हातातलं पुस्तक बघतात.

‘हे नेताय? नेऊ नका हो. शेवटी ती परत नवऱ्याकडेच जाते.’

‘तुम्ही वाचलंय?’

‘पान सत्तावीस उघडा.’

उघडलंत की पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीने काढलेलं बारीकसं फूल दिसतं. ती काकूंची खूण. शेजारी कुणाची फुली, कुणाचं ‘कु’, कुणाचे दोन ठिपके. आयुष्यात इतकी पुस्तकं झाल्यावर नाव बघून आठवत नाही, म्हणून प्रत्येकाने आपलं एक पान ठरवून तिथे खूण करायची. ग्रंथपालांना हे माहीत असतं. भिंतीवर ‘पुस्तकात लिहू नये’ अशी पाटी असते आणि खालच्या टेबलाशी बसून ते शांतपणे शिक्के मारत असतात. अशा माणसांपासून चार हात लांब राहा. त्यांना वाङ्मयीन चर्चा करता येत नाही. ज्यावर आपण सहाशे शब्दांची पोस्ट लिहून ‘आतून हलवून टाकणारं’ म्हटलं, त्या पुस्तकाला या काकू ‘बरंय, मध्ये जरा लांबलंय’ म्हणतात आणि दुसरं घेऊन घरी जातात. फोटो नाही की काही नाही. दिवाळीत तर धरबंधच राहत नाही. 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा त्याचा शेवट वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत होईल हे त्यांना ठाऊक नसावं. थोडी जास्तीची वर्गणी भरून ही मंडळी होळीपर्यंत अंकांमागून अंक फस्त करतात, पाककृती आणि राशिभविष्यासकट. आपण एकच अंक विकत घ्यावा आणि अनुक्रमणिकेचा फोटो टाकावा.

पुस्तकांची दुकानं त्यामानाने निर्धोक. तिथे कोणी खुणा करत नाही, आणि बंद पडली तर फारच कामाला येतात. फोर्टातलं स्ट्रँड बुक स्टॉल 1948 पासून चालू होतं, 2018 साली बंद झालं. त्या आठवड्यात मुंबईने काय हळहळ व्यक्त केली! ज्यांनी त्या दुकानाचा उंबरा कैक वर्षांत ओलांडला नव्हता, त्यांचे लेख सगळ्यात लांब होते. ‘एका युगाचा अंत’, ‘जुन्या कागदाचा तो वास’, ‘मालक आपुलकीने निवडून द्यायचे’ अशी वाक्यं आत्तापासून लिहून ठेवा. दुकानाच्या नावाची जागा तेवढी मोकळी सोडा. तुमच्या घराजवळही एखादं अजून तग धरून असेलच. तिथून काही विकत घेऊन त्याचं मरण आणि आपला लेख लांबणीवर टाकू नका.

जुनी पुस्तकं घ्यायचीच असतील तर फाउंटनच्या फूटपाथवर किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलला घ्या. पहिलं पान उघडून बघायची सवय ठेवा. ‘चि. सौ. का. हिस वाढदिवसानिमित्त सप्रेम’ असतं, ते ठीक. कधीकधी मात्र लेखकाची ताजी सही आणि ‘माझ्या पहिल्या वाचकास, सस्नेह’ असतं, आणि आतली पानं अजून एकमेकांना चिकटलेली. तुमचा कोणी लेखक मित्र असेल तर यातून एवढा धडा घ्या की रद्दीत घालण्याआधी ते पान फाडावं. लेखकही फूटपाथवर हिंडतात.

या मित्राच्या प्रकाशन समारंभाला जावंच लागतं. बटाटेवडा थंड असतो, पण पुढचं वर्षभर त्या पुस्तकावर बोलायला लागणारं सगळं साहित्य तिथल्या भाषणांतून फुकट मिळतं. शिफारस करताना जपून वापरायचा शब्द एकच: ‘एका बैठकीत’. आठशे पानं एका बैठकीत वाचली म्हणालात तर लोक मूळव्याधीची चौकशी करतील. त्यापेक्षा ‘खाली ठेववतच नाही’ म्हणावं. जे उचललंच नाही ते खाली ठेवता येत नाही, तेव्हा हे विधान खोटंही नाही.

इतरांनी शिफारस केलेल्या पुस्तकाखाली एकच प्रतिक्रिया द्यायची असते, ‘पीडीएफ आहे का?’ हा प्रश्न लेखकाच्या समोर विचारला तर आणखी रंगत येते. लाखाचा फोन हातात असताना पुस्तकाला तीनशे रुपये मोजायचे म्हणजे जिवावर येतं, हे त्यालाही समजायला हवं. कायद्याने लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे राहतात, मग पुस्तक सर्वांचं होतं. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे त्यांचं सगळं लेखन 2011 पासून कोणालाही मोफत, राजरोस उतरवून घेता येतं. पण त्यात काही मजा नाही, कोणी मागतही नाही. कालच बाजारात आलेली, हजार प्रतींची पहिली आवृत्ती संपेल की नाही या काळजीत प्रकाशकाने काढलेली कादंबरी चोरून मिळवण्यात खरं पुस्तकप्रेम दिसतं. ती मिळाली की ‘संग्रही ठेवावं असं’ लिहून पुढच्या सहा ग्रुपांवर पाठवावी. उघडू नये, डेटा जातो.

विकत घेतलीच तर ठेवायची कुठे, हाही प्रश्न आहे. आपल्याकडे जागेचा हिशोब चौरस फुटावर, तेव्हा एक कपाट म्हणजे लहानशी गाडीच भिंतीला टेकवून उभी केल्यासारखी. त्यातून जुलै-ऑगस्टची ओल. पश्चिमेच्या भिंतीला लागलेल्या पुस्तकांवर पांढुरकी बुरशी धरते, बांधणीत कसर शिरते, आणि बोटभर धूळ झटकताना कळतं की या घरात ती पुस्तकं मनापासून चाळणारी तेवढी एक कसरच आहे.

डिसेंबरात वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची यादी द्यायची असते. आकडा पन्नासच्या पुढे हवा. मुलांची चित्रांची पुस्तकं धरा, प्रेशर कुकरबरोबर आलेली पाककृतींची पुस्तिका धरा, दोन खंड असतील तर दोन धरा. आणि एक साहित्यकृती संकोच न करता सगळ्यात वर घाला, कारण मुंबईकर माणूस ती पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत, चष्मा बदलून, पेन्सिलीने खुणा करत, बायकोला मोठ्याने वाचून दाखवत वाचतो: इमारतीच्या पुनर्विकासाचा करारनामा. कार्पेट एरियाच्या प्रकरणाशी डोळ्यांत पाणी येतं. भाड्याच्या कलमावर रात्र रात्र चर्चा झडतात, परस्परविरोधी समीक्षा येतात, मंडळात फूट पडते. लेखक कोण म्हणून कोणी विचारलंच तर बिल्डरचे वकील म्हणून सांगा. भाषा जरा जड आहे, पण ओघ चांगला आहे. उत्तरार्ध ताबा मिळाल्यावर येणार आहे म्हणतात.