कैसर, हेरोद आणि गव्हाणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, कमेंट वाचली, उत्तर लांबणार हे दिसतंय म्हणून वेगळंच टाकतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. येशूजन्माच्या गोष्टी रोमन साम्राज्य डोळ्यासमोर ठेवून वाचा असं मी लिहिलं होतं. त्यावर सरांचं म्हणणं की लोकांच्या सणात राजकारण कशाला घुसवता, लूकच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) रोमच्या शिरगणतीसाठी योसेफ आणि मरीया, येशूचे आईबाप, बेथलेहेमला जातात ती भानगड तर इतिहासात बसतच नाही, आणि पोर्तुगीजांच्या गलबतातून गोव्यात आलेल्या धर्माला साम्राज्यविरोधी म्हणणं म्हणजे कहर आहे.

शिरगणतीचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. गोष्टीत येशू जन्मतो तो रोमचा मांडलिक राजा हेरोद याच्या काळात, पण हेरोद गेला इ.स.पू. ४ मध्ये आणि सीरियाच्या क्विरीनिय सुभेदाराची मोजणी झाली इ.स. ६ मध्ये, शिवाय ती यहूदियाची, म्हणजे यरुशलेम-बेथलेहेमकडच्या प्रांताची, आणि नासरेथ पडतं गालीलात, तिथे तेव्हा हेरोदाचा पोरगा अंतिपा गादीवर, म्हणजे योसेफाला तिथून उठून बेथलेहेमला जायचं काही कारणच नव्हतं. मान्य. पण मला वेगळाच प्रश्न पडतो, की जन्माची वेळ सांगायला लूकला नेमकी हीच मोजणी का आठवली? ही काही साधी डोकी मोजायची मोजणी नव्हती. हेरोदाचा दुसरा मुलगा अर्खेलाव याला रोमने हाकलून गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सकडे) पाठवला, यहूदिया थेट स्वतःच्या ताब्यात घेतला, आणि आता कर किती बसवायचा हे ठरवायला लोकांच्या मालमत्तेची नोंद सुरू केली. त्यावर गालीलचा यहूदा नावाचा माणूस उठला. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस सांगतो की या यहूदाच्या मते ही नोंदणी म्हणजे सरळसरळ गुलामी होती, आणि देवाशिवाय कुणाला मालक मानायचं नाही असं तो लोकांना सांगत फिरला. हा यहूदा लूकला माहीत होता बरं का, त्याच्याच दुसऱ्या पुस्तकात, प्रेषितांची कृत्ये, पाचव्या अध्यायात नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे तारखेत घोळ असेल, पण ही नोंदणी म्हणजे कुठली जखम हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

आता राजकारण मी घुसवलं का ते बघू. आशिया मायनरमध्ये प्रीएने नावाचं शहर होतं, तिथे एक शिलालेख सापडलाय, इ.स.पू. ९ चा. त्यात ठराव असा की रोमन सम्राट ऑगस्टसचा वाढदिवस, २३ सप्टेंबर, हाच आता वर्षाचा पहिला दिवस धरायचा, कारण त्याला दैवानेच तारणारा म्हणून पाठवलाय, त्याने युद्धं थांबवली, आणि या देवाच्या जन्मापासूनच जगासाठी शुभवर्तमानाची सुरुवात झाली. नाण्यांवर तो देवाचा पुत्र, कारण त्याच्या दत्तक बापाला, ज्युलियस सीझरला, मेल्यावर देव ठरवलेलं. बरं, एवढं वाचून लूकचा दुसरा अध्याय काढा. पहिल्याच वाक्यात ऑगस्टसचा हुकूम, आणि दहा ओळी पुढे रात्री मेंढरं राखणाऱ्या लोकांना देवदूत सांगतो की आनंदाची बातमी आणलीये, तुमच्यासाठी तारणारा जन्मलाय, पृथ्वीवर शांती. हे शब्द तेव्हा ग्रीक शहरांत चौकाचौकात दगडावर कोरलेले होते हो! रोमच्या पूर्वेकडच्या वाचकाला ते ऐकून कैसर, म्हणजे रोमचा सम्राट, आठवला नसेल असं मला तरी वाटत नाही.

आणि शांती म्हणजे कसली, तेही बघा. हेरोद मेल्यावर दंगे झाले तेव्हा सीरियाचा सुभेदार वारुस फौज घेऊन आला. जोसेफसच्या म्हणण्यानुसार त्याच्या सैन्याने सेप्फोरिस जाळलं, तिथल्या लोकांना गुलाम केलं, आणि पुढे दोनेक हजार माणसं क्रुसावर चढवली. सेप्फोरिस नासरेथपासून सहाएक किलोमीटर, चालत दीड तास. येशूच्या पिढीची पोरं हे ऐकतच मोठी झाली असणार. तिकडे बेथलेहेमच्या आग्नेयेला हेरोदाचा किल्ला, हेरोदियम, डोंगराच्या माथ्यावर भर टाकून बांधलेला, आजही लांबून दिसतो. येशूला संपवायला हेरोदाने बेथलेहेमची तान्ही मुलं मारली, त्या बालहत्येचा उल्लेख मत्तयाच्या शुभवर्तमानाशिवाय कुठेच नाही हे खरंय, हेरोदाची एवढी पापं मोजणारा जोसेफसही त्यावर गप्प आहे. पण ज्याने स्वतःची बायको मारली, तीन मुलं मारली, आणि आपण मेल्यावर लोकांनी रडावं म्हणून मोठमोठ्या माणसांना यरीहोत कोंडून ठेवून ठार करायचा हुकूम सोडला (तो पाळला नाही कुणी, नशीब), त्याच्याबद्दल ही गोष्ट ऐकणाऱ्यांना नवल वाटलं नसेल. यहुद्यांचा राजा ही पदवी त्याला रोमच्या सिनेटने दिलेली. आणि मत्तयात पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्योतिषी, येऊन त्यालाच विचारतात की यहुद्यांचा राजा जन्मलाय तो कुठे आहे!

पोर्तुगीजांबद्दल मी वाद घालणारच नाही. १५१० ला गोवा घेतलं, १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसवलं आणि ते १८१२ पर्यंत चाललं, त्याचं समर्थन कोण करणार. पण एक गंमत सांगतो. कॅथलिक मठात रोज सायंप्रार्थनेला मरीयेचं गीत म्हणतात, लूकच्या पहिल्याच अध्यायातलं, देवाने सत्ताधाऱ्यांना सिंहासनावरून खाली ओढलं, भुकेल्यांना तृप्त केलं आणि धनवानांना रिकाम्या हाती लावून दिलं असं त्यात आहे. पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखाली असलेले पाद्री गोव्यात, वसईत रोज संध्याकाळी हेच गात होते, लॅटिनमध्ये. गोष्ट साम्राज्याच्या पदरी पडली म्हणून त्या ओळी कुणी खोडल्या नाहीत. तुमचा राग त्या राजावर असेल तर त्या राजाला खाली ओढायची भाषा त्याच्याच चर्चमध्ये पडून होती, एवढंच माझं म्हणणं.

खरं तर माझ्या वाचनाला याहून अवघड प्रश्न तुम्ही विचारायला हवा होता. लूकचा योसेफ बंड करत नाही, गपचूप जाऊन नाव लिहून येतो. पुढे त्याच लूककडे रोमन शताधिपती भले लोक असतात, आणि येशूला क्रुसाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात तीनदा म्हणतो की या माणसात मला दोष दिसत नाही. मत्तयाचं कुटुंब जीव वाचवायला पळतं ते मिसरात (इजिप्तमध्ये), आणि मिसर तर इ.स.पू. ३० पासून थेट रोमचा प्रांत! म्हणजे मांडलिक हेरोदाच्या तावडीतून सुटून मालक रोमच्या घरात. ते साम्राज्यविरोधात कसं बसवायचं यावर मी अजून डोकं खाजवतोय. तुम्हाला सुचलं तर खाली लिहा, पण प्लीज आधी लूकचे पहिले दोन अध्याय सलग वाचून या.