ठाणेदार आणि 'छू'

आमच्या वरुडकडे संत्र्याच्या बागेला दोन शत्रू. वरून अवकाळी पाऊस आणि खालून रानडुक्कर. पावसापुढे बाबांचं काही चालत नव्हतं, म्हणून त्यांनी डुकरांचा बंदोबस्त करायला जर्मन शेफर्डचं दोन महिन्यांचं पिल्लू आणलं आणि नाव ठेवलं ठाणेदार. (गणपतीच्या बैठकीला खरे ठाणेदार साहेब गावात आले, त्या दिवसापुरतं कुत्र्याचं नाव 'राजा' होतं.)

दीड वर्षात ठाणेदार ३५ किलोचा झाला. माझी पोरगी तीन वर्षांची, १३ किलो, तेही जेवण झाल्यावर मोजली तर.

घरात प्रत्येकानं त्याची वेगळी शाळा काढली होती. बाबांचं म्हणणं, "कुत्रं तापट पाह्यजे. लाडानं बिघडते." म्हणून दिवसभर तो सपरीच्या खांबाला बांधलेला. संध्याकाळी सोडला की बाबा एकच धडा गिरवून घ्यायचे, 'छू'. छू म्हटलं की समोर असेल त्याच्यावर धावायचं. चादरी विकणारा गाठोडं टाकून पळाला, तेव्हा बाबा आठ दिवस खुशीत होते.

आई त्याला आपल्या ताटातली पोळी द्यायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "काई करत नाई तो." हे वाक्य म्हणणारा माणूस मी कायम कुत्र्याच्या मागे उभा असलेला पाहिला आहे, पुढे कधी नाही.

मी मोबाइलवर पाहून त्याला 'बस' शिकवलं. तो शिकलाही. पण आमच्या पंगतीत "बस, बस, आता नको" असं कोणी म्हटलं की ठाणेदार खाली बसायचा आणि बक्षिसासाठी त्या पाहुण्याकडे टक लावून पाहायचा. पाहुणा घाबरून आणखी एक पोळी घ्यायचा.

आणि पोरगी? तिनं त्याला तान्ह्या पोळ्याचा बैल केला होता. शिंगं नाहीत म्हणून कानांनाच बेगड गुंडाळायची. शेपटीचा कासरा. तो ओठ चाटायचा, जांभई द्यायचा, तोंड फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहायचा, इतकं की पांढरं दिसायचं. आम्ही म्हणायचो, झोप आली बिचाऱ्याला. एकदा तो गुरगुरला. मी चप्पल हाणली.

हा पराक्रम मी ढोरांच्या डॉक्टरला ऐकवला. ते रेबीजची वर्षाची लस टोचायला आले होते. सुई पुसता पुसता म्हणाले, "भाऊ, सायकलची घंटी काढून घेतली तर सायकल थांबते का? न वाजवता अंगावर येते." मग बाजेवर बसून त्यांनी माझी शाळा घेतली. ती जांभई झोपेची नव्हती, 'पुरे करा' म्हणत होता तो. त्याचा जबडा आणि लेकराचं तोंड, दोन्ही एकाच उंचीवर. दिवसभर साखळीला असलेलं कुत्रं शूर होत नाही, चिडकं होतं. आणि पिल्लू ३ ते १४ आठवड्यांचं असतं, तेव्हा त्याला लेकरं, कोंबड्या, छत्र्या, पाहुणे सगळं न घाबरवता दाखवायचं असतं.

"अन् तुम्ही त्या दिवसांत त्याले काय दाखवलं?"

मी सपरीकडे पाहिलं.

"खांब," डॉक्टर म्हणाले आणि चहा संपवला.

बाबांना हे पटलं नाही. "आमच्या बुढ्याच्या टायमापासून कुत्रे असेच पाळले," म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात आत्याच्या पोरानं पोरीला जादू शिकवली. आंगणात उभी राहून, हातरुमालाखाली संत्रं झाकून ती ओरडली, "छू मंतर!"

ठाणेदार उठला. समोर बाबा, तुळशीला पाणी घालत.

तुळशीभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला धोतराचा सोगा ठाणेदाराच्या दातांत होता आणि बाबा ओरडत होते, "अबे, मी हाओ! मी!" मला दुसरं काही सुचेना. मी जीव खाऊन ओरडलो, "बस! बस!" ठाणेदार तत्काळ बसला. सोगा मात्र सोडला नाही. म्हणून मग बाबाही बसले.

पोरगी टाळ्या वाजवत होती. तिच्या मते जादू फत्ते झाली होती.

त्या दिवसापासून आमच्या घरात 'छू' हा शब्द बंद आहे. साखळी गेली. गोठ्याचा एक कोपरा ठाणेदाराचा, तिथं पोरीला मज्जाव. तो खाताना, झोपताना त्याला हात लावायचा नाही, आणि दोघांपाशी कोणी मोठं माणूस असल्याशिवाय दोघांना एकत्र ठेवायचं नाही. सगळ्यात कडक बाबाच. आलेल्या पाहुण्याला फाटकातच थांबवतात, "हात लावू नोका, आधी त्याले वास घेऊ द्या." पोरगी रोज त्याला 'बस' म्हणते, तो बसला की भाकरीचा तुकडा टाकते. ३५ किलो १३ किलोपुढं शेपटी हलवत बसतात.

परवा आम्ही अमरावतीला निघालो, तर ठाणेदार फाट्यापर्यंत पोचवायला आला. एसटी दिसताच कोणीतरी ओरडलं, "बस आली, बस!" सारा फाटा उठला. ठाणेदार बसला, तोही नेमका एसटीच्या दारात. मोबदला मिळाल्याशिवाय तो हलणार नव्हता. वरून कंडक्टर घंटी मारत होता आणि पोरगी फ्रॉकच्या खिशात भाकरीचा तुकडा शोधत होती.