महू हे गावाचे नाव आहे, लष्करी आद्याक्षरे नव्हेत

एप्रिल उजाडला की महाराष्ट्रातून महूला येणाऱ्यांची वर्दळ सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ आम्हा इंदूरकर मराठी मंडळींच्या मोबाईलवर एक मजकूर दरवर्षी न चुकता फिरू लागतो. बाबासाहेबांच्या जन्मस्थळाची माहिती देता देता तो मजकूर सांगतो की, ‘महू’ हे मुळात गावाचे नाव नसून ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा जोड आहे. इंग्रज येण्यापूर्वी तिथे नुसते जंगल होते. एम-एच-ओ-डब्ल्यू हे चमत्कारिक स्पेलिंग आणि स्टेशनच्या पाटीवरची मोठी अक्षरे हाच याचा पुरावा होय. तिथे आज वॉर कॉलेज आहे ते काही उगीच नव्हे. आणि मऊ, महुवा, माहूर, महोबा ही नावे मोहाच्या झाडावरून पडली असली तरी महू तेवढे इंग्रजांचे आहे. मी स्वतः शाळेत असताना हीच व्युत्पत्ती वक्तृत्व स्पर्धेत ठोकून दिली होती आणि टाळ्याही घेतल्या होत्या, त्यामुळे ती पसरवणाऱ्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. परंतु ती चुकीची आहे, आणि तिचे एकेक कलम तपासले तर का चुकीची आहे हेही कळते.

‘इंग्रजांपूर्वी तिथे काही नव्हते’ हे पहिले कलम. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर होळकरांच्या मुलखात इंग्रजी फौज कायमची ठेवण्यासाठी इंदुरापासून सुमारे २३ किलोमीटरवर छावणी वसवण्यात आली. ही छावणी महू नावाच्या गावाशेजारी पडली, आणि ते गाव मोगल काळापासून तिथे नांदत होते. यात नवल काहीच नाही. हजारो माणसे, घोडे आणि बैल यांना पाणी, दाणावैरण आणि बाजार लागतो, तेव्हा फौजेचा तळ ओसाड रानात न पडता एखाद्या नांदत्या गावाच्या शिवेवर पडतो आणि त्याच गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागतो. खडकीला हेच झाले, देवळालीला हेच झाले, नीमचला आणि डीसाला हेच झाले. खडकीचे ‘किर्की’ झाले म्हणून ते नाव इंग्रजांनी घडवले असे कोणी म्हणत नाही. (नागपूरजवळच्या कामठीबद्दल मात्र छावणीचा आकार इंग्रजी ‘टी’सारखा असल्याने ‘कॅम्प-टी’ आणि त्यावरून कामठी, अशी गोष्ट सांगतात. ती महूच्या गोष्टीची सख्खी बहीण आहे.)

इंग्रजांना एखाद्या छावणीला स्वतःचे नवे नाव द्यायचेच असते, तेव्हा ते काय करीत, याचे उदाहरण त्याच वर्षातले आहे. अजमेरजवळची नसीराबादची छावणी १८१८ सालीच वसली आणि तिचे नाव सर डेव्हिड ऑक्टरलोनी यांना दिल्ली दरबाराकडून मिळालेल्या ‘नसीर-उद्-दौला’ या किताबावरून पडले. पुढे सिंधमध्ये जॉन जेकबच्या नावाने जेकबाबाद झाले आणि सरहद्दीवर अ‍ॅबटच्या नावाने अ‍ॅबटाबाद झाले. म्हणजे माणसाचे नाव किंवा किताब घ्यायचा आणि त्याला इथल्याच रिवाजाने ‘आबाद’ किंवा ‘पूर’ जोडायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. आद्याक्षरे जुळवून त्यांचा शब्दासारखा उच्चार करण्याची खोड इंग्रजी भाषेला फार नंतर, विसाव्या शतकातल्या महायुद्धांच्या काळात जडली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या सैन्याचे ‘अ‍ॅन्झॅक’ हे तिचे गाजलेले आरंभीचे उदाहरण पहिल्या महायुद्धातले, म्हणजे महूच्या छावणीनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी आलेले आहे.

आता त्या लांबलचक नावाकडेच पाहू. ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’ याचे मराठी ‘युद्धाचे लष्करी मुख्यालय’ असे होईल. जणू युद्धाचे एखादे बिगरलष्करी मुख्यालयही कुठेतरी होते. अशा नावाची कचेरी इंग्रजांच्या कारभारात नव्हती. महू हे एका तुकडीचे ठाणे होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी किचनेरने सैन्याची फेररचना केली तेव्हा ते पाचव्या डिव्हिजनचे मुख्य ठिकाण झाले. त्या डिव्हिजनच्या नावातही कंसात ‘महू’ असे गावाचेच नाव घातलेले होते. आद्याक्षरांचा अर्थ ठाऊक असलेल्या लष्कराने ‘पाचवे युद्धाचे लष्करी मुख्यालय डिव्हिजन’ असे नाव कशाला ठेवले असते?

या साऱ्यांत निर्णायक पुरावा मला सर जॉन माल्कम यांच्या लेखनात दिसतो. महिदपूरच्या लढाईत ते होते, मंदसौरचा तह त्यांनी घडवून आणला आणि त्यानंतर १८२१ पर्यंत माळव्याचा कारभार त्यांनी महूहूनच हाकला. म्हणजे महू खरोखर कोणाचे मुख्यालय असेल तर ते माल्कम यांचे होते. हे माल्कम आपल्या लेखनात या गावाचे नाव एम-ओ-डब्ल्यू असे लिहितात. त्यात ‘एच’ नाही. ‘एच’ म्हणजे जर ‘हेडक्वार्टर्स’ असेल, तर मुख्यालयात बसलेल्या माणसानेच मुख्यालय गाळले असे म्हणावे लागेल. शब्द कानांनी ऐकून लिहिला असेल तर मधला हलका ‘ह’ गळणे अगदी स्वाभाविक आहे, कारण माळवी बोलीत आणि घाईच्या हिंदीतही तो जेमतेम ऐकू येतो. आद्याक्षरांतून मात्र अक्षर गळत नाही.

स्पेलिंगच्या कलमाचे उत्तरही यातच आहे, तरी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण अनेकांचा विश्वास इथेच अडकतो. ‘देशी शब्द असता तर एम-ए-एच-यू असे लिहिले नसते का?’ असा प्रश्न विचारला जातो. आज लिहिले असते. परंतु देशी नावे रोमन लिपीत कशी लिहावीत याची हंटर साहेबांची पद्धत सरकारने १८७० नंतरच्या दशकात स्वीकारली. त्यापूर्वी प्रत्येक अंमलदार आपल्या कानाला जसे वाटेल तसे लिहीत असे. पुण्याचे पूना, कानपूरचे कॉनपोर आणि नर्मदेची नर्बडा झाली ती त्याच काळात. ‘औ’ किंवा ‘अऊ’ या उच्चारासाठी ओ-डब्ल्यू ही अक्षरे वापरणे तर सर्रास होते. लखनौच्या स्पेलिंगच्या शेवटी तीच दोन अक्षरे आजही आहेत, हावड्याच्या स्पेलिंगच्या पोटातही आहेत, आणि त्यातली डब्ल्यू युद्धाची आहे असा शोध अजून कोणी लावलेला नाही. राहिले सुरुवातीचे ‘एम-एच’. मुंबई इलाख्यात मोहफुलांच्या साठ्यावर व विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा १८९२ साली झाला, तो ‘म्हौरा अ‍ॅक्ट’ म्हणून ओळखला जातो, आणि त्या ‘म्हौरा’ शब्दाची पहिली चार इंग्रजी अक्षरे एम-एच-ओ-डब्ल्यू हीच आहेत. इंग्रजी कागदपत्रांत मोहाचे फूल ज्या अक्षरांनी लिहीत, नेमक्या त्याच अक्षरांनी हे गाव लिहिलेले आहे. एवढ्यावरून गावाचे नाव मोहावरून पडले असे सिद्ध होत नाही, हे मी पुढे सांगणारच आहे. पण या स्पेलिंगमध्ये चमत्कारिक काही नाही, हे मात्र निश्चित सिद्ध होते.

मोठ्या अक्षरांचे कलम एका वाक्यात संपते: स्टेशनच्या पाट्यांवर इंग्रजी नाव मोठ्या अक्षरांतच रंगवतात, खंडव्याचेही आणि इंदूरचेही. पूर्वी रेल्वेचा संकेतही एम-एच-ओ-डब्ल्यू असा होता, हे खरे आहे. परंतु गावाचे नाव चारच अक्षरांचे असल्यावर संकेत त्याहून वेगळा कशाला घ्यावा?

वॉर कॉलेजचा पुरावा तर उलटा लावलेला आहे. महूत इन्फंट्री स्कूल १९४८ साली आले. त्यातून १९७१ साली वेगळी संस्था निघाली तिचे नाव ‘कॉलेज ऑफ कॉम्बॅट’ होते, आणि ‘आर्मी वॉर कॉलेज’ हे नाव तिला २००३ साली मिळाले. म्हणजे ज्या ‘वॉर’वरून १८१८ सालचे नाव सिद्ध करायचे, ते संस्थेच्या पाटीवर येऊन पंचवीस वर्षेही धड झालेली नाहीत. गंमत अशी की, त्याच २००३ साली शहराचे अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर झाले.

शेवटचे कलम सारख्या आवाजाच्या नावांचे आहे. इथे मजकुराची चूक बारीक आहे, आणि मजकूर खोडून काढणारे आमचे काही मित्रही नेमकी तीच करतात. ‘आद्याक्षरे नाहीत ना, मग मोह’ असे म्हणून ते मोकळे होतात आणि मऊपासून माहूरपर्यंत सगळे एका झाडाला टांगतात. आवाज सारखा म्हणून मूळ एक, हा नियम स्थळनामांना लावता येत नाही. आंबेगावात आंबा आहे, पण अंबाजोगाईत जोगाई देवी आहे. माहूर हे रेणुकेचे मूळपीठ, त्याचे जुने नाव मातापूर. त्या नावात माता आहे, मोह नाही. बुंदेलखंडातल्या महोब्याचे नाव चंदेलांच्या ‘महोत्सवनगर’ या नावाशी जोडले जाते. भावनगरकडच्या महुव्याला जुन्या परंपरेत ‘मधुमती’ म्हटले आहे. तिथे ‘मधु’ आहे, पण झाडाची गरज नाही. आणि उत्तर प्रदेशातल्या मऊबद्दल तर तो ‘पडाव’ या अर्थाचा तुर्की शब्द असल्याचे सांगितले जाते. पाहा, दोन गावांच्या नावांचा आवाज सारखा आणि दोन्हीकडच्या कथेत फौज घुसलेली. एकीकडे इंग्रजांची आणि दुसरीकडे तुर्कांची. गावकऱ्यांनी आपल्या गावाला स्वतः नाव ठेवले असेल, ही साधी शक्यता दोन्ही कथांना सुचलेली नाही.

तरीही महूच्या बाबतीत मोहाचा दावा मला इतरांपेक्षा वजनदार वाटतो, आणि त्याची कारणे आवाजाच्या साम्यापलीकडची आहेत. संस्कृतात दोन स्वरांमध्ये आलेल्या ‘ध’चा प्राकृतात ‘ह’ होतो: वधूची बहू होते, दधीचे दही होते, साधूचा साहू होतो. त्याच वाटेने ‘मधूक’ या वृक्षनामाचे प्राकृतात ‘महुअ’ झाले, हिंदीत ‘महुआ’ आणि मराठीत ‘मोह’. महूपासून दक्षिणेला घाट उतरू लागले की चोरल आणि मानपूरच्या रानांत मोह मुबलक आहे, आणि त्याची फुले पहाटे गळू लागली की आदिवासी कुटुंबे टोपल्या घेऊन वेचायला निघतात. ज्या झाडाचे फूल पोट भरते, बी तेल देते आणि सावलीत बाजार बसतो, त्याचे नाव गावाला मिळणे ही या मुलखाची जुनी सवय आहे. आमच्या इंदुरातले पिपल्याहाना आणि महूजवळचे आंबाचंदन ही नावेही झाडांचीच आहेत. विदर्भातले मोहगाव आणि मोहाडी तर मराठी वाचकांच्या परिचयाचेच आहेत.

परंतु संभव आणि सिद्धता यांत अंतर आहे. वडोदऱ्याचे नाव वडावरून पडले असे आपण ठामपणे म्हणतो, ते शहरात वड पुष्कळ आहेत म्हणून नव्हे, तर राष्ट्रकूट कर्काच्या इ. स. ८१२ च्या ताम्रपटात वटपद्रक गाव दान दिल्याची नोंद आहे म्हणून. महूच्या मोहाला असा ताम्रपट दाखवता येईपर्यंत मोहावरून आलेली व्युत्पत्ती ही चांगली अटकळ म्हणूनच सांगावी. नाहीतर एका मजकुराच्या जागी दुसरा मजकूर एवढाच काय तो फरक होईल.

छावणीच्या आधीचे ते मूळ गाव मात्र अटकळीवर उभे नाही. ते आजही छावणीला लागून आहे, त्याची स्वतंत्र नगर परिषद आहे आणि त्याला महूगाव म्हणतात. नुसते ‘महू’ हे नाव नंतर आलेल्या छावणीने घेतले, तेव्हा मूळ मालकाला ओळख पटवण्यासाठी पुढे ‘गाव’ जोडून घ्यावे लागले. आद्याक्षरांचा दावा खरा मानायचा तर या गावाच्या नावाचा अर्थ ‘युद्धाच्या लष्करी मुख्यालयाचे गाव’ असा करावा लागेल, आणि तो अर्थ पुढच्या एप्रिलमध्ये मजकूर पाठवण्यापूर्वी महूगावच्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला एकदा समजावून सांगावा.