अल्झायमरच्या संशोधनाला पैसे देणार असाल, तर फ्रीजरच्या देखभालीला द्या

लासी-डॅड या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. त्याचं सर्वांत मोठं कारण अल्झायमर. लेकानेमॅब हे अल्झायमरवरचं औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण चाचणीत त्याने दीड वर्षात रुग्णांची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, थांबवली नाही. काम खूप बाकी आहे आणि त्याला पैसा लागणार आहे. माझं म्हणणं एवढंच की काम जिथे खरोखर अडतं तिथे तो द्या.

सगळ्यात जास्त कुठे अडतं? एका जांभळ्या टोपणाच्या नळीपाशी. पी-टाऊ २१७ हे रक्तातलं प्रथिन सध्या अल्झायमरची सर्वांत भरवशाची खूण मानलं जातं. त्यासाठी रक्त ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या नळीत घ्यायचं आणि नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करायची, नाहीतर गुठळी होते. मग दोनेक तासांत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वर आलेला पिवळसर प्लाझ्मा काढायचा, छोट्या नळ्यांत वाटून भरायचा आणि उणे ८० अंशांवर ठेवायचा. छोट्या नळ्या अशासाठी, की हवी तेवढी एकच वितळवता यावी. तोच नमुना पुन्हा पुन्हा वितळला-गोठला की प्रथिनं बिघडतात. तालुक्याच्या गावी घेतलेली नळी जीपमधून उन्हात चार तास फिरली, तर अमायलॉइड बीटा हे अल्झायमरशी जोडलेलं दुसरं प्रथिन कमी भरतं आणि आकडा फसवा येतो.

फ्रीजर घ्यायला अनुदान मिळतं. त्याची वार्षिक देखभाल, जनरेटरचं डिझेल, तापमान चढलं की रात्री दोनलाही फोन वाजवणारा अलार्म, यांना पैसे मिळणं कठीण. शनिवारी रात्री कॉम्प्रेसर बंद पडला आणि सोमवारी सकाळी कळलं, तर दहा वर्षांची मेहनत पाण्यात.

आपल्याच लोकांचे नमुने कशाला हवेत? मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर रक्तातलं पी-टाऊ मेंदू ठीक असूनही वाढलेलं दिसू शकतं. मधुमेह आणि त्यातून येणारे मूत्रपिंडाचे विकार आपल्याकडे घरोघरी आहेत. गोऱ्या लोकसंख्येवर ठरवलेली मर्यादा इथे जशीच्या तशी लावली, तर चुकीचं निदान हातात पडेल.

भाषेचंही तेच. स्मरणशक्ती आणि आकलन तपासणाऱ्या इंग्रजी चाचणीत एक शब्द उलट्या क्रमाने स्पेल करायला सांगतात. देवनागरीत याला काही अर्थ नाही, आणि शाळेत न गेलेल्या आजींना तर नाहीच. हरियाणात बल्लभगडला हिंदी चाचणी तयार करताना त्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. ‘आज तारीख काय?’ या प्रश्नाला ‘संकष्टी’ असं उत्तर आलं, तर गुण द्यायचा की नाही, हे आधी ठरलेलं हवं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) असा चाचणीसंच २०२० मध्ये प्रसिद्ध झाला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. मराठी त्यात नव्हती. नुसतं भाषांतर करून भागत नाही. कमी शिकलेल्या आणि जास्त शिकलेल्या, निरोगी आणि आजारी अशा शेकडो माणसांवर चाचणी पारखून घ्यावी लागते. मराठी देणगीदारांनी याकडे बघायलाच हवं.

तिसरी अडचण माणसं टिकवण्याची. कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरमध्ये भारतीय विज्ञान संस्थेचं मेंदू संशोधन केंद्र ४५ वर्षांपुढच्या १०,००० ग्रामस्थांचा वर्षानुवर्षं मागोवा घेण्याचं काम करतंय. केंद्रासाठी २०१४ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा ट्रस्टने २२५ कोटी देऊ केले होते. अशा कामात दरवर्षी १० टक्के लोक गळाले, तर १,००० पैकी पाच वर्षांनी ५९०च उरतात. त्यातही आधी गळतात ते विसरू लागलेलेच, म्हणून निष्कर्ष आहेत त्यापेक्षा बरे दिसतात. घरोघरी जाणाऱ्या ताईंचा पगार आणि आजोबांना आणणाऱ्या रिक्षाचं भाडं हा माझ्या मते संशोधनाचाच खर्च आहे.

देताना संस्थेला लेखी विचारा: पैसे कोणत्या कामाला, किती वर्षांसाठी, देखभालीची तरतूद आहे का? एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा पाच वर्षं थोडी थोडी दिलेली जास्त उपयोगी पडते. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकरातली देणगीची सवलत (८०जी) नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच मिळत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक, ओसीआय कार्डवालेसुद्धा, देणार असतील तर संस्थेकडे परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या खर्चाच्या) समितीवर असाल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर सरकारी संशोधन संस्थांना थेट निधी देता येतो.

पैसा नसेल तर मेंदू देता येतो. बंगळूरुच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे. देहदानाचा अर्ज भरला म्हणजे हे झालं, असं समजू नका. शरीररचनाशास्त्र विभागात देह रसायनं भरून जतन करतात, त्यानंतर तो मेंदू अशा संशोधनाला चालत नाही. निरोगी मेंदूही तितकेच हवे असतात, तुलनेला. काढताना चेहऱ्याला धक्का लागत नाही, देह अंत्यसंस्कारासाठी परत मिळतो. पण सगळं काही तासांत व्हावं लागतं, तोवर देह शीतगृहात हवा, आणि शेवटची संमती घरच्यांची असते. मुंबई-पुण्याहून बंगळूरु लांब आहे. म्हणून मेंदू कोण काढणार, कसा पोचणार, हे पेढीला आजच विचारून घ्या आणि तो फोन नंबर मुलाबाळांच्या मोबाईलमध्येही टाकून ठेवा.