खुलासा : मास्कच्या सूचनेला पाटीचा कायदा लागू नाही

कोल्हापुरात महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी, शाहूपुरीतल्या व्यापारी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : दारावर 'नो मास्क, नो एंट्री' असा इंग्रजी कागद दिसला तर १ लाख दंड, आणि १० पेक्षा कमी कामगार असतील तर दुकानाच्या मराठी पाटीच्या कायद्यातून सूट. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली कलम ३६क आलं. ते दुकानाच्या नावाच्या पाटीबद्दल आहे. नाव मराठीत, देवनागरीत हवं. दुसरी भाषा चालते, पण मराठी आधी, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. १० पेक्षा कमी कामगारांची सूट याच दुरुस्तीने गेली, म्हणजे एकट्याने चालवलेल्या पानपट्टीलाही नियम लागू. दारावरच्या मास्कच्या कागदाचा त्यात उल्लेखच नाही.

तरी मास्कची सूचना लावायचीच असेल तर मराठीत लावा, कारण ती वाचणाऱ्यासाठी असते. 'मास्क लावूनच आत या. दोघांत ६ फूट अंतर ठेवा.' एवढं पुरे. डीटीपीवाल्याला फाइल जुन्या फॉन्टमध्ये पाठवली की त्याच्या कॉम्प्युटरवर 'आत या'चं भलतंच काहीतरी उमटतं. म्हणून युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ द्या, आणि छापण्याआधी नमुना स्वतः वाचा. कागद लॅमिनेट करा, नाहीतर आपल्याकडच्या पावसात शाई दोन दिवसांत ओघळते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना कलम ३६क वाचायला सांगा.